ब्रांडेनबुर्ग गेट आणि पुढ्यात भिंतीचा तुकडा: एका कंपाउंडवाल्याचा अभिप्राय

वस्तू अशी आहे: बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग गेटची नऊ सेंटिमीटर उंचीची रेझिनची प्रतिकृती. चौथऱ्याच्या पुढच्या अंगाला प्लॅस्टिकची पारदर्शक डबी, आणि डबीत बर्लिनच्या भिंतीचा ‘अस्सल’ तुकडा, सुपारीएवढा. सोबत होलोग्राम चिकटवलेलं प्रमाणपत्र. किंमत १४ युरो ९० सेंट. माझा भाचा श्टुटगार्टला नोकरीला आहे. तो बर्लिन बघायला गेला तेव्हा तिथून फोन केला, “मामा, काय आणू? चॉकलेट?” म्हटलं, शुगरवाल्याला चॉकलेट काय विचारतोस, भिंतीचा तुकडा विकत मिळतो म्हणे, तो आण. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. अशी दुकानं तिथे पावलोपावली आहेत आणि माल सगळीकडे एकच, असं भाचा सांगतो.

मी कुपवाड एमआयडीसीत रेडिमेड कंपाउंड करतो. सिमेंटचे खांब, खांबाला खोबण, खोबणीत एकावर एक सरकवलेल्या फळ्या. प्लॉटवाले, द्राक्षबागायतदार, मंगल कार्यालयवाले ही आमची गिऱ्हाइकं. भिंती विकून ज्याचं घर चालतं त्याच्या हातात जगातल्या सगळ्यात गाजलेल्या भिंतीचा तुकडा आला तर तो काय बघेल, ते लिहितोय. इतिहासाच्या सरांना यात फारसं नवं सापडायचं नाही. माल पारखणाऱ्यांना सापडेल.

आधी गेट, कारण त्याच्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. मूळ गेट कार्ल गॉटहार्ड लांगहान्स या वास्तुविशारदानं १७८८ ते १७९१ मध्ये बांधलं, वालुकाश्मात. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसचं प्रवेशद्वार त्याच्या डोळ्यांपुढे होतं. बारा खांब, सहा पुढे आणि सहा मागे. त्यांच्यामधून पाच वाटा, मधली सगळ्यात रुंद, ती पूर्वी राजघराण्याच्या गाड्यांसाठी राखीव. उंची २६ मीटर. आमच्या प्रतिकृतीत पुढचे सहा खांब बरे उतरलेत. मागचे सहा म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. बाजूनं साच्याच्या जोडाची रेघ वरपासून खालपर्यंत गेलीय, ती घासलेलीही नाही. माझ्याकडच्या पोरानं असा खांब काढला तर मी तो गाडीत भरू देत नाही. वरच्या रथाचे घोडे चार आहेत खरे, पण त्यांचे पाय एकमेकांत इतके मिसळलेत की कुठला कुणाचा ते रथातल्या विजयदेवतेलाही सांगता येणार नाही. त्यावर सोनेरी रंग. आमच्या घरी आलेल्या एका पाहुण्यांनी “हे इंडिया गेट ना?” असं विचारलं, त्यांना मी दोष देत नाही.

पण एक चूक रंगारूपाची नाही, मांडणीची आहे, आणि ती मला सोडवत नाही. खऱ्या गेटवरच्या रथाचं तोंड पूर्वेला आहे, शहराच्या आतल्या बाजूला, पॅरिसर प्लाट्झ नावाच्या चौकाकडे. भिंत उभी राहिली ती गेटच्या पश्चिमेला, म्हणजे घोड्यांच्या पाठीमागे. या वस्तूत मात्र तुकड्याची डबी घोड्यांच्या पुढ्यात बसवलीय. गेट आणि भिंत एकत्र विकायचं म्हणता, आणि दोघांची जागाच उलटी करता? डबी मागे लावली असती तर एक पैसा जास्त लागला नसता. मागची बाजू तशीही सपाटच आहे.

या रथाची हकीकत मला भाच्याकडून कळली आणि मग मी वाचून काढली. १८०६ साली नेपोलियननं तो उतरवून पॅरिसला नेला, १८१४ मध्ये तो परत आला. दुसऱ्या महायुद्धात त्याची इतकी दुर्दशा झाली की मूळच्यातलं एका घोड्याचं डोकं तेवढं उरलं. मग पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला दुरुस्ती निघाली. तेव्हा बर्लिन पूर्व आणि पश्चिम असं दोन सरकारांत वाटलेलं होतं. गेट होतं पूर्व बर्लिनच्या हद्दीत, म्हणून दगडकाम पूर्वेनं केलं. रथ मात्र पश्चिम बर्लिनमध्ये नव्यानं घडवला, कारण युद्धाच्या काळात काढून ठेवलेले प्लास्टरचे साचे तिकडे होते. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन सरकारं, आणि काम एकच. १९५८ साली रथ पूर्वेच्या ताब्यात आला. त्यांनी तो वर चढवायच्या आधी त्यावरचा प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचा गरुड आणि लोखंडी क्रॉस कापून टाकला. तीन वर्षांनी त्याच गेटसमोर भिंत. एवढा ऐवज या वस्तूच्या पोटात आहे, आणि खोक्यावर यातलं एक अक्षर नाही. खोक्यावर हसऱ्या चेहऱ्याची ट्राबांट, म्हणजे पूर्व जर्मनीत बनणारी मोटार काढलीय.

आता तुकडा. डबीचं झाकण चिकटवलेलं होतं, ते मी कटरनं उघडलं. घरच्यांचं म्हणणं पडलं की किंमत गेली. गेली तर गेली.

तुकड्याच्या एका अंगाला रंग आहे, भडक गुलाबी आणि त्यावर निळा. बाकी करडा. भिंगाखाली धरला आणि पहिल्यांदा खडी बघितली. आपल्याकडची खडी म्हणजे काळा कातळ, क्रशरवर फोडलेला, टोकदार, कोपरे हाताला लागणारे. ह्या तुकड्यातली खडी गोल आहे. एक पिवळसर, एक तपकिरी, एक दुधी गारगोटीसारखा चकचकीत. बर्लिनच्या आसपासचा सगळा मुलूख हिमयुगातल्या बर्फानं आणून टाकलेल्या वाळूगोट्यांचा आहे, तिथे अशीच खडी मिळणार. आमच्या मिस्त्रींना दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला, नखानं खरवडून बघितला, आणि म्हणाले, “मालक, ह्यो माल आपल्याकडचा न्हाई. पण काम चांगलं हाय. पोकळी कुठं दिसत न्हाई.” बरोबर आहे. व्हायब्रेटर नीट फिरवलेलं, दाट काँक्रीट. प्लास्टर ऑफ पॅरिस असतं तर नखानंच भुगा निघाला असता.

मग एक कोपरा छिन्नीनं उडवला आणि ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. हे आमच्याकडे असतंच. काँक्रीटमधला अल्कलीचा गुण शाबूत असेल तर गडद गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो मारला असेल तर रंग चढत नाही, आणि तिथली सळई गंजायला मोकळी होते. ह्या तुकड्यात कडेला रंग चढला नाही, मध्यभागी फिकट गुलाबी आला. म्हणजे सिमेंट खरं, जुनं, आणि दर्जेदार. भिंतीचंच का? ते यातून सिद्ध होत नाही. बर्लिनमधल्या एखाद्या पाडलेल्या गोदामाच्या कॉलमचंही असू शकतं. प्रमाणपत्राला म्हणाल तर काडीची किंमत नाही. त्यावर कुठला भाग, कधी काढला, कुणी काढला, काहीच नाही. सही आहे, तीही छापलेली.

तरी मी तुकडा खरा असण्याच्या बाजूनं जरा झुकतो, आणि त्याचं कारण हिशेबाचं आहे. १९७५ नंतर जी नव्या पद्धतीची भिंत उभी केली, तिचे सुमारे ४५,००० सेगमेंट, म्हणजे सुटे ओतलेले भाग होते. एकेकाचं वजन पावणेतीन टन. गुणाकार करा, सव्वा लाख टनांच्या आसपास काँक्रीट होतं. १९९० मध्ये सरकारी पाडकाम झालं तेव्हा बहुतेक माल क्रशरवर जाऊन रस्त्यांच्या भरावात गेला, काही पूर्ण सेगमेंट मोंटे कार्लोच्या लिलावात विकले गेले, आणि त्याआधी हातोडी-छिन्नी घेऊन आलेल्या लोकांनी पिशव्या भरून नेलं ते वेगळं. सुपारीएवढे तुकडे विकायला एवढा कच्चा माल कित्येक पिढ्या पुरेल. ज्या धंद्यात खरा माल इतका स्वस्त, तिथे खोटा बनवण्यातच खर्च जास्त.

रंग मात्र खोटा. हे ठामपणे सांगतो आणि ओळखायची खूणही सांगतो. गुलाबी रंग सपाट अंगावर आहेच, पण तो कडेवरून खाली फुटलेल्या भागावरही उतरलाय, आणि एका गोट्याच्या अर्ध्या पाठीवर त्याचे बारीक शिंतोडे आहेत. तो गोटा तुकडा फुटल्यावरच उघडा पडला ना? मग त्यावर ऐंशीच्या दशकातल्या पश्चिम बर्लिनच्या पोरांनी रंग कसा मारला? आधी फोडलं, मग फवारलं. शिवाय जुन्या भिंतीवर लोकांनी वर्षानुवर्षं एकावर एक चित्रं काढली, तिथे रंगाचे पापुद्रे असायला हवेत. इथे एकच हात आहे. करडा तुकडा कोण घेणार, म्हणून दुकानदारानं सजवला. पूर्वेकडच्या अंगाला चित्रं नव्हतीच, ती बाजू पांढरी ठेवलेली असायची, पळणाऱ्या माणसाची आकृती पहारेकऱ्याला उठून दिसावी म्हणून. पांढऱ्या अंगाचा तुकडा कुणी विकत असेल तर मी दुप्पट पैसे देईन.

आता जे या वस्तूत नाही त्याबद्दल, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

लोकांना वाटतं ती एकच भिंत, एका रात्रीत बांधलेली. १३ ऑगस्ट १९६१ ला पहाटे सुरुवात झाली ती काटेरी तारेनं. मग सिमेंटचे ब्लॉक रचले. त्यानंतर, साठच्या दशकाच्या मध्यापासून, खांब उभे करून मध्ये काँक्रीटच्या फळ्या सरकवल्या. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ झालो. हे तर आमचंच फोल्डिंग कंपाउंड! त्यात दम नाही हे त्यांनाही कळलं असणार, कारण तेच दुखणं आम्हाला ठाऊक आहे. खांब-फळीची भिंत सरळ खाली वजन घेते, आडवा रेटा घेत नाही. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीत एका बाजूला पाणी तुंबलेली कितीतरी कंपाउंडं आडवी झाली. फळ्या खोबणीतून निघून चिखलात. त्यात आमचीही होती. कंपाउंड ही हद्द दाखवायची वस्तू आहे, रेटा अडवायची नाही.

रेटा अडवायचा तर पाय लागतो. म्हणून १९७५ पासून बर्लिनला आली ती पायाची भिंत. एकसंध सेगमेंट, ३.६० मीटर उंच, १.२० मीटर रुंद, वरच्या अंगाला १५ सेंटिमीटर जाड, आणि तळाशी आडवा पसरलेला पाय. बाजूनं बघितलं तर इंग्रजी एल. ही काही सैन्यानं शोधलेली चीज नव्हे. अशा जातीचे घटक शेतीत वापरात होतेच, मुरघास, म्हणजे जनावरांचा आंबवलेला हिरवा चारा, साठवायच्या बंकरच्या कडांना. पलूस-वाळव्याकडचे दूधवाले हे लगेच ओळखतील. आत मुरघास दाबला की तो बाहेर ढकलतो, आणि भिंत उलथू नये म्हणून पाय मालाच्या बाजूला ठेवतात. मालाचंच वजन पायावर बसतं आणि भिंत उभी राहते. धरणभिंत असो, रस्त्याकडेची मातीची भिंत असो, नियम तोच. भिंतीचा मोठा पाय कुठल्या बाजूला आहे ते बघा, ती काय अडवायला बांधलीय ते कळतं.

बर्लिनच्या भिंतीचा पाय पूर्वेच्या बाजूला होता.

पूर्व जर्मनीचं सरकार अठ्ठावीस वर्षं सांगत राहिलं की ही भिंत पश्चिमेकडच्या फॅसिस्टांपासून आपल्या नागरिकांचं रक्षण करते. भाषण कुणीही कसंही करावं. पण ज्या इंजिनिअरनं ड्रॉइंग काढलं त्यानं पाय आत ठेवला, कारण त्याला माहीत होतं की ट्रक घेऊन भिंतीवर कोण येणार आहे. आतून येणारी गाडी आधी पायावर चढते, आणि तिच्याच वजनानं भिंत घट्ट बसते. वर ॲस्बेस्टॉस सिमेंटचा गोल पाइप, खालून चिरून माथ्यावर बसवलेला, चढणाऱ्याच्या बोटांना पकड मिळू नये म्हणून. आमच्याकडे माथ्यावर काचा लावतात. पाइपची कल्पना, खरं सांगायचं तर, जास्त हुशारीची आहे, आणि तेच मला आवडलं नाही.

ह्या पायाचा मागमूस या वस्तूत नाही. गेट आहे, रंग आहे, ट्राबांट आहे. पन्नास पैशांचा एक छोटा एल ओतून त्यात तुकडा बसवला असता तर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला दोन मिनिटांत भिंत समजली असती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती गेट आणि भिंत दोन्हींना धरून आहे. नोव्हेंबर १९८९ चे फोटो सगळ्यांनी बघितलेत: गेटसमोर भिंतीच्या माथ्यावर माणसंच माणसं, उभी राहून नाचतायत. मला कित्येक वर्षं हे कोडं होतं. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या भिंतीवर, तेही वर गोल पाइप असताना, एवढी माणसं उभी राहतील कशी? उत्तर असं की गेटसमोर भिंतच वेगळी होती. बुटकी, पुष्कळ जाड, रणगाडा अडेल अशा बेतानं बांधलेली आणि माथा सपाट. जगभर ‘बर्लिनची भिंत’ म्हणून जे चित्र गेलं ते त्या भिंतीच्या सगळ्यात वेगळ्या तुकड्याचं. आणि काँक्रीट त्या दिवशीही शाबूत होतं, मालात खोट नव्हती. ९ नोव्हेंबरला संध्याकाळी गुंटर शाबोव्स्की हा पूर्व जर्मनीचा पुढारी पत्रकारांपुढे बसला, प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचला, कधीपासून लागू असं कुणी विचारलं तर कागद चाळून म्हणाला की माझ्या माहितीप्रमाणे लगेच. लोक टीव्ही बघून नाक्यांवर गेले, गर्दी आवरेना, आणि बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या नाक्यावर पहारेकऱ्यांनी फाटक उघडलं. ब्रांडेनबुर्ग गेटजवळची वाट अधिकृतपणे उघडायला मात्र २२ डिसेंबर उजाडला. पश्चिमेचे चान्सलर कोल आणि पूर्वेचे पंतप्रधान मोद्रो त्या दिवशी तिथे होते. पुढे ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही देश एक झाले.

मला गिऱ्हाईक नेहमी विचारतं, “शेठ, ह्या कंपाउंडवरनं चोर येणार नाही ना?” मी सांगतो, येईल. भिंत त्याला दोन मिनिटं थांबवेल, पुढचं वॉचमननं बघायचं. बर्लिनचंही तेच. पश्चिम बर्लिनभोवतीची १५५ किलोमीटरची हद्द नुसत्या काँक्रीटनं धरलेली नव्हती. पूर्वेच्या बाजूनं येताना आधी एक भिंत किंवा कुंपण, मग हात लागला की इशारा देणारी तार, टेहळणीचे मनोरे, दिवे, कुत्रे, पायाचा ठसा उमटावा म्हणून फणीनं सारखी केलेली वाळू, आणि गोळी घालायचा हुकूम. चित्रांनी भरलेली भिंत ही पळणाऱ्याच्या वाटेतली शेवटची अडचण. त्या वाटेवर निदान १४० माणसं मेली. पेटर फेख्टर नावाचा अठरा वर्षांचा गवंडीकाम करणारा पोरगा १७ ऑगस्ट १९६२ ला भिंतीजवळ गोळी लागून पडला, आणि दोन्हीकडचे लोक बघत असताना तासभर तिथेच रक्त जाऊन मेला. गवंडी होता हे वाचून आमचे मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि खोक्यावर हसरी मोटार. दुकानदाराला रडका चेहरा काढ असं म्हणत नाही मी, पण आत प्रमाणपत्राचा बिनकामाचा कागद घातलाच आहे, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी छापायला काय हरकत होती?

राडारोड्याचं काय करावं याचं चांगलं उदाहरण बर्लिनमध्येच आहे. बर्नाउअर श्ट्रासेला भिंतीचं स्मारक आहे, बघायला पैसे लागत नाहीत. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर फिरवून दाखवलं. तिथे दोन भिंतींच्या मधल्या पट्ट्यात एक चर्च अडकलं होतं. पहाऱ्याला आड येतं म्हणून पूर्वेच्या सरकारनं ते १९८५ साली सुरुंग लावून पाडलं, मनोऱ्यासकट. एकीकरणानंतर त्याच जागी छोटं प्रार्थनाघर बांधलं, सन २००० मध्ये ते उघडलं, आणि त्याच्या भिंती आहेत कुटलेल्या मातीच्या. त्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचा आणि दगडांचा चुरा मिसळलाय. भाच्याला म्हटलं, कॅमेरा जवळ ने, अजून जवळ. थरावर थर दिसतात, मध्येच एखादा लाल खडा, कुठे काचेचा तुकडा. तो बिचारा थंडीत हात काढून उभा, “मामा, झालं का?” नाही झालं. सिमेंटचा धंदा करणाऱ्यानं हे बोलू नये, पण असं काम मला जन्मात जमणार नाही.

तुलनेसाठी आणखी एक वस्तू सांगतो. भाच्यानं आणलेल्या सुट्या पैशांत जर्मनीत पाडलेलं पन्नास सेंटचं नाणं होतं. जर्मनीच्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांवर हेच गेट आहे. अडीच सेंटिमीटरच्या आसपासचं ते गोल, पण खांब स्वच्छ, खांबांमधली वाट मोकळी, आणि खालून वर बघितल्यासारखं चित्र असल्यामुळे नजर सरळ त्या वाटेतून आरपार जाते. पंधरा युरोच्या रेझिनपेक्षा पन्नास सेंटचं हे गेट कैक पटींनी सरस. फक्त नाण्यावर भिंत नाही. गेटजवळही आता नाही म्हणा. पश्चिमेच्या अंगाला रस्त्यात दगडांची दुहेरी रांग बसवलीय, तीच काय ती खूण. भाच्यानं तिचा फोटो पाठवला. त्याचा बूट इकडे एक आणि तिकडे एक. दगड नीट एका पातळीत बसवलेत, पाणी साचत नाही.

तर पाचपैकी अडीच. अडीचातले दोन त्या करड्या अंगाला आणि त्यातल्या गोल खडीला, अर्धा भाच्यानं विमानात हातातल्या पिशवीत सांभाळून आणली म्हणून. गेटचं शोपीस हवं असेल तर हे घेऊ नका. भिंतीचा तुकडा हवा असेल तर गेट, मोटार, टोपी काही न जोडलेला नुसता तुकडा मागा, तो स्वस्तही पडतो, आणि घेताना उजेडात कड बघा. फुटलेल्या अंगावर रंग उतरलेला असेल तर तिथेच ठेवून द्या. रंग नसलेला मिळाला तर आनंदानं घ्या. आणि कुठे माथ्यावरच्या गोल पाइपचा तुकडा विकत असतील तर हातही लावू नका, ॲस्बेस्टॉस आहे ते.

तुकडा मी डबीत परत ठेवला नाही. मिस्त्रींना सांगून एक छोटा एल ओतून घेतला, विसाव्या भागाच्या मापाचा: उंची १८ सेंटिमीटर, रुंदी ६, वर जाडी साडेसात मिलिमीटर. एवढ्या पातळ भिंतीत सळई बसेना, म्हणून कोंबडीजाळी घातली. तिसऱ्या दिवशी साचा काढला, आठवडाभर पाण्यात ठेवला, आणि तुकडा पायावर चिकटवला, आतल्या बाजूला. ऑफिसात टेबलावर असतो. आलेलं गिऱ्हाईक उचलून बघतं आणि फुटाला रेट काय म्हणून विचारतं. पायाची लांबी मात्र भाच्यानं पाठवलेल्या एका सुट्या सेगमेंटच्या फोटोवरून अंदाजानं धरलीय, ती मिस्त्रींना पटत नाही. ते म्हणतात, एवढ्या उंचीला पाय आखूड पडतोय. म्हणून भाच्याला निरोप गेलाय: पुढच्या खेपेला वस्तू काही आणू नकोस, पायाचं माप घेऊन ये. गणपतीला तो सांगलीला यायचाय, तेव्हा टेप इथूनच देणार आहे.